थोडी थोडी साखर

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री सव्वाअकराला फोन वाजला. आमच्या वयात रात्रीचा फोन म्हणजे आधी छातीत धस्स होतं, मग चष्मा सापडतो, मग फोन. पलीकडे नात होती.

"आजी, लाईट गेली."

मला वाटलं त्यांच्या खोलीवरची. म्हटलं, "अगं, मग मेणबत्ती लाव आणि झोप."

"खोलीवरची नाही गं, लॅबची. माझा शेकर बंद पडला." आणि रडायलाच लागली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नात इथेच नाशिकला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करते. तिचा प्रकल्प असा, की यीस्टकडून इन्व्हर्टेज नावाचं एंझाइम जास्तीत जास्त कसं मिळेल ते शोधायचं. काचेच्या चंबूत पाणी, साखर, थोडं नत्र, क्षार घालायचे, त्यात यीस्ट सोडायचं आणि तो चंबू शेकर नावाच्या हलत्या पाटावर ठेवायचा, म्हणजे आतल्या पाण्यात हवा मिसळत राहते. मग एकदा तापमान बदलायचं, एकदा आंबटपणा बदलायचा, एकदा साखर, एकदा तास. प्रत्येक वेळी मोजायचं. तीन आठवड्यांची मोजणी होत आली होती, आणि त्या रात्री चार तास वीज नव्हती. हलायचं थांबलं की यीस्ट तळाशी बसतं, हवा मिळत नाही, आणि सकाळचे आकडे कुणाशीच जुळत नाहीत. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता मी मराठी माध्यमाची बी.ए. इतिहास आणि मराठी हे माझे विषय, आणि तेच तीसएक वर्षं शिकवले. विज्ञान शाळेपुरतं. पण रडणाऱ्या पोरीला काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "उद्या पुन्हा लाव, आणि या वेळी साखर जरा सढळ हाताने घाल. भराभर वाढेल, गेलेले दिवस भरून निघतील."

रडता रडता ती हसली. "आजी, साखर जास्त घातली तर एंझाइम कमी मिळतं."

हे काही माझ्या डोक्यातून जाईना. खायला जास्त दिलं तर काम कमी? दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला बसले. काही नातीने आणून दिलं, काही जुन्या पुस्तकांत सापडलं. विज्ञान मला कितपत कळलं ते नातच सांगेल, पण त्यातला इतिहास मात्र मला फार आवडला. तोच आज लिहिते आहे.

सुरुवात शब्दापासून करते, शिक्षिकेची खोड! शाळेच्या पुस्तकात एंझाइमला 'विकर' म्हणतात आणि यीस्टला 'किण्व'. मला वाटायचं, हा परिभाषेच्या समितीने बसून घडवलेला शब्द असेल. तसं नाही. किण्व कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचं, म्हणजे दारूवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं प्रकरण आहे, त्यात मद्याच्या प्रकारांबरोबर किण्व कसं करायचं तेही दिलेलं आहे: उडीद, तांदूळ आणि काही वनस्पती. (अर्थशास्त्राची चिकित्सित आवृत्ती आपल्या र. पं. कंगले यांनी केली, मुंबई विद्यापीठाने ती 1960 च्या दशकात छापली.) उडीद आणि तांदूळ वाचल्यावर मला आपलं इडलीचं पीठच आठवलं. म्हणजे यीस्ट दिसायची सोय नव्हती तेव्हाही माणसं त्याला वाढवत होती, मापं ठरवत होती आणि राज्य त्यावर कर घेत होतं.

एंझाइम हा शब्दही असाच. 1877 च्या सुमारास विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने तो ग्रीकवरून केला. अर्थ 'खमिरातलं'. म्हणजे सगळ्या विकरांचं नाव यीस्टवरूनच पडलं आहे. पोटातलं, लाळेतलं, पपईच्या चिकातलं, सगळं 'खमिरातलं'!

नातीचं इन्व्हर्टेज हे त्यातलं फार जुनं ओळखीचं. 1860 मध्ये फ्रान्सच्या बर्तेलो यांनी ते यीस्टमधून वेगळं काढलं. त्याचं काम सोपं आहे. आपल्या साखरेचा एक कण म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. इन्व्हर्टेज ती जोडी फोडतं. मधात असते तशी साखर तयार होते, जास्त गोड आणि लवकर खडे न धरणारी. चॉकलेटच्या आत जो पातळ गोड रस असतो ना, तो पुष्कळदा याच्याच करामतीने होतो. आत आधी घट्ट सारण भरतात, त्यात चिमूटभर एंझाइम, आणि वरून चॉकलेट चढवल्यावर ते आतल्या आत पातळ होत जातं. हे कळल्यापासून मी चॉकलेट खाताना उगीचच आत डोकावून बघते.

त्या काळात युरोपात मोठा वाद चालू होता. पाश्चर म्हणत, आंबणं ही जिवंत पेशीची करणी, जीव नाही तर आंबणं नाही. लीबिग म्हणत, ही निव्वळ रासायनिक क्रिया. दोघेही वारले तरी निकाल लागला नव्हता. तो लागला एका मुरांब्याच्या युक्तीने. एडवर्ड बुखनर आणि त्यांचा भाऊ यांना यीस्टचा रस औषधासाठी हवा होता. त्यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून रस काढला. आता तो नासू नये म्हणून काय करायचं? आपण आवळे टिकवायला पाक करतो तशी त्यांनी रसात भरपूर साखर घातली. तर रसाला बुडबुडे येऊ लागले! एकही जिवंत पेशी नाही आणि रस आंबतो आहे. हे 1897 साली छापून आलं आणि 1907 मध्ये बुखनरना नोबेल मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि 1917 मध्ये रुमानियात जखमी होऊन वारले. सत्तावन्न वर्षांचे होते. इतक्या मोठ्या माणसाला त्या वयात आघाडीवर कशाला जाऊ दिलं, हा प्रश्न मला पडलाच. असो.

यीस्टला नीट वाढवायची विद्या मात्र विद्यापीठापेक्षा कारखान्यात जास्त पिकली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली होती. तिथे एमिल हान्सन यांनी 1883 मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. आणि तिथेच 1909 साली सोरेन्सन यांनी एंझाइमं मोजताना पीएच ही आंबटपणाची मोजपट्टी शोधली. आज पाण्यापासून शांपूपर्यंत जिथे तिथे पीएच लिहिलेला असतो. तो एंझाइमपायी जन्मला, हे शाळेत मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

आता साखरेचं बघू. पाव फुगवायचं यीस्ट पूर्वी धान्याच्या लापशीत वाढवत. एकदम सगळं अन्न समोर. यीस्टचा स्वभाव असा, की पुढ्यात खूप साखर दिसली की, हवा असली तरी, ते तिची दारू करत सुटतं. स्वतः फारसं वाढत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत धान्याची चणचण झाली तेव्हा हायडुक यांनी आणि डेन्मार्कमध्ये झाक यांनी साधारण एकाच सुमारास नवी रीत बसवली. बीटच्या साखरेची मळी घ्यायची, पण एकदम ओतायची नाही. मोठ्या टाकीत खालून जोरात हवा सोडायची आणि मळी वरून थेंबाथेंबाने, यीस्ट जितकं खाईल तितकीच. दारू जवळजवळ बंद, यीस्ट कितीतरी जास्त. आजही पावाचं यीस्ट जगभर याच रीतीने होतं.

माझ्या माहेरी उसाच्या दिवसांत गुऱ्हाळ लागायचं. चुलवाणाशी जाळ घालायला एक म्हातारे आजोबा बसायचे. चिपाडं मूठमूठ आत सारायचे. आम्ही पोरं मदत म्हणून एकदम कवळाभर कोंबली की जाळ दबून नुसता धूर व्हायचा, आणि आजोबा आमच्यावर ओरडायचे. हायडुकसाहेबांची टाकी मला त्या चुलवाणावरून समजली.

आणि एंझाइमचं काय? इथे या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता माणूस येतो, रिचर्ड विलश्टेटर. म्यूनिकचे प्राध्यापक. हरितद्रव्यावरच्या कामासाठी 1915 चं नोबेल. पुढे ते इन्व्हर्टेजच्या मागे लागले. ते शुद्ध करण्यात त्यांनी वर्षं घालवली. आणि 1925 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की यीस्टला साखर एकदम न देता अगदी पातळ, थोडी थोडी देत राहिलं तर त्याच यीस्टमधलं इन्व्हर्टेज कित्येक पटींनी वाढतं. म्हणजे नात फोनवर मला जे हसून म्हणाली, ते शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने चंबूंपाशी बसून शोधलेलं होतं.

कारण नंतर कळलं. ग्लुकोज आयता समोर असेल तर यीस्ट इन्व्हर्टेज बनवायची आपली आज्ञाच मागे घेतं. कशाला बनवायचं? फोडायची साखर हवी आहे कुणाला! ग्लुकोज संपत आला की आज्ञा पुन्हा सुरू. म्हणून किती साखर घालायची आणि कुठल्या तासाला मोजायचं, हे दोन्ही बरोबर जमावं लागतं. नातीची वीज गेली ती नेमकी त्या तासांत.

पण विलश्टेटर मला आवडले ते एवढ्यासाठी नाही. ते ज्यू होते. 1924 मध्ये विद्यापीठात एका ज्यू शास्त्रज्ञाची नेमणूक त्याच्या जातीकडे बघून अडवली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. विद्यार्थ्यांनी आर्जवं केली, इतर ठिकाणांहून बोलावणी आली, पण ते गेले नाहीत. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी संशोधन केलं ते घरून, टेलिफोनवर. प्रयोगशाळेत मार्गारेटे रोडेवाल्ड ही सहकारी प्रयोग करायची आणि फोनवर आकडे सांगायची. पुढचा प्रयोग काय करायचा ते ते फोनवरून सांगायचे. 1939 मध्ये ते जर्मनी सोडून स्वित्झर्लंडला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले.

हे वाचल्यापासून नातीचा रात्रीचा फोन आला की मला विलश्टेटर आठवतात. फरक इतकाच की मला पुढचा प्रयोग सांगता येत नाही.

आणि गंमत बघा, इतका मोठा माणूस एका बाबतीत साफ चुकला. त्यांनी इन्व्हर्टेज इतकं शुद्ध केलं की त्यात प्रथिन सापडेना, म्हणून ते म्हणाले, एंझाइम हे प्रथिन नव्हेच. खरं तर प्रथिन होतं, पण ते ओळखण्याची त्या वेळची चाचणी कमी पडत होती. त्यांना खोटं पाडलं अमेरिकेतल्या जेम्स समनर यांनी. 1926 मध्ये युरिएज नावाच्या एंझाइमचे स्फटिक काढून त्यांनी दाखवलं, की हे प्रथिनच आहे. समनर मूळचे डावखुरे. सतरा वर्षांचे असताना शिकारीच्या अपघातात डावा हातच गेला. उजव्या हाताने सगळं नव्याने शिकले. एका हाताने रसायनशास्त्र जमणार नाही असं त्यांना सांगितलं गेलं होतं, आणि 1946 चं नोबेल त्यांना मिळालं. नात रोज ज्या पिवळ्या द्रावणात नमुना उकळते आणि तो किती तांबूस झाला यावरून साखर मोजते, ती रीतही समनरचीच, 1921 ची. मुळात मधुमेह्यांच्या लघवीतली साखर मोजायला काढलेली. हे सांगितलं तेव्हा नात म्हणाली, "आजी, आम्ही नुसतं डीएनएसए म्हणतो, माणूस कुणी सांगितलाच नाही."

आता आपल्याकडे येऊ. मळी म्हटली की आपला मुलूख. लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने. मग नगर, नाशिक, पुणे, कोल्हापूर, सांगली सगळीकडे कारखाने झाले. साखरेमागोमाग मळी आली आणि मळीमागोमाग डिस्टिलऱ्या. तिथेही यीस्टच, पण मागणी उलटी: साखर भरपूर आणि दारू हवी. त्याच मळीत, त्याच जातीच्या यीस्टला हवा आणि साखर कशी देता यावर पुढ्यात काय येईल ते ठरतं. आपल्याकडे मळीची दारू पुष्कळ झाली, एंझाइम फार थोडं. सिन्नरला ॲडव्हान्स्ड एन्झाइम्सचा कारखाना आहे, इतक्या वर्षांत त्या रस्त्याने कितीदा गेले, तिथे काय होतं ते कधी विचारलं नाही.

1950 च्या 3 जानेवारीला पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, एनसीएलचं, नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढच्याच वर्षी तिथे उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा संग्रह सुरू झाला, एनसीआयएम. यीस्ट, बुरशा, जिवाणू यांच्या जाती नंबर देऊन जपून ठेवायच्या आणि मागेल त्याला पाठवायच्या. सूक्ष्मजीवांचं ग्रंथालयच म्हणा ना. नातीचं यीस्टही तिथूनच आलं, बोटाएवढ्या नळीत, वर नंबर.

मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. एस. एफ. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 पासून पुढे यीस्टवर केलेलं काम मला फार घरगुती वाटलं. यीस्टच्या पेशी किंवा त्यांचं एंझाइम मोकळं सोडलं तर एका खेपेत वाहून जातं. म्हणून ते कशाला तरी चिकटवून ठेवायचं आणि त्यावरून साखरेचा पाक सोडायचा. चिकटवायला काय, तर सुती धागा, भाताचं तूस! त्याला एका रसायनाचा हात द्यायचा, की पेशी घट्ट बसतात. भारी परदेशी सामानावाचून.

आणि आता अदिती पंत. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या, आप्पासाहेब पंतांच्या कन्या. (औंधच्या राजांनी 1939 मध्ये प्रजेला राज्यकारभार सोपवला, हे मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगायची.) अदितीताई समुद्रशास्त्रज्ञ. 1983 च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून त्या खंडावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. पुढे त्या पुण्याला एनसीएलमध्ये आल्या आणि मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करू लागल्या. मुंबईजवळच्या तेलाने घाण झालेल्या समुद्राच्या पाण्यातून एक यीस्ट वेगळं काढलं होतं. नाव यारोविया लिपोलिटिका, संग्रहातला नंबर 3589. स्मिता झिंजर्डे आणि अदिती पंत यांनी दाखवलं, की हे यीस्ट मुंबई हायच्या कच्च्या तेलातला बराच भाग खाऊन टाकतं. त्याबद्दलचे त्यांचे निबंध 1998 पासून पुढच्या काही वर्षांतले आहेत. समोर अन्न कोणतं आणि हवा किती, यावर ते आपलं रूपही बदलतं, कधी गोल पेशी तर कधी लांब तंतू. 'लिपोलिटिका' म्हणजे चरबी फोडणारं. चरबी फोडायचं एंझाइम ते बाहेर सोडतं. पण त्याचीही तीच तऱ्हा, गोड ग्लुकोज समोर असला की हात आखडता, तेल दिलं की सुरू.

ज्या पाण्यात आपण तेल सांडलं, त्याच पाण्यात ते खाणारं कुणीतरी होतं, आणि एक बाई ते ओंजळीत घेऊन पुण्याला आली. (खरं तर बाटलीत. पण मला ओंजळच दिसते.)

हे सगळं मी तुकड्यातुकड्यांनी नातीला फोनवर सांगत होते. ती प्रयोग सोडून देण्याच्या गोष्टी करत होती, घरी तिच्या वडलांनाही बोलली होती. माझ्या सांगण्याने तिचं मन वळलं असं मी म्हणणार नाही. पोरीचा स्वभावच चिवट. जूनमध्ये पाऊस पडल्यावर उकाडा कमी झाला, वीजही जरा टिकू लागली. तिने पुन्हा सगळे चंबू लावले. या वेळी दोन रात्री लॅबबाहेरच्या बाकावर काढल्या, वीज गेलीच तर हाताने हलवायला. मी चिडले, डबा पाठवला.

शेवटी तिचा आलेख आला. साखर वाढत जाते तसं एंझाइम आधी वाढतं आणि मग उतरत जातं. छोटासा उंचवटा, चतुर्थीच्या मोदकासारखा. विलश्टेटरच्या मानाने काहीच नवीन नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण हे यीस्ट तिचं, पाणी नाशिकचं, आकडे तिने मोजलेले. मार्गदर्शकांनी एक शंका काढली आहे, शेवटच्या दोन बिंदूंबद्दल. ते तिला पुन्हा करावे लागणार आहेत.

काल रात्री पुन्हा सव्वाअकराला फोन. मी चष्मा न शोधताच उचलला.

"आजी, काही नाही गं. आज लाईट आहे, एवढंच सांगायचं होतं."